सर्वांना चालेल असे पुस्तक नको

'काय वाचू?' असे विचारणारे पूर्वी भेटत. हल्ली 'आमच्या गटाला काय देऊ?' असे विचारणारे भेटतात. या दोन प्रश्नांत बराच फरक आहे. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला एक पुस्तक सुचवले की काम भागते. आवडले तर तो पुन्हा येतो, नाही आवडले तर आपल्याला पाहून रस्ता बदलतो. दुसऱ्या प्रश्नामागे मात्र बारा-पंधरा माणसे उभी असतात आणि प्रत्येकाची एकेक अट असते. कादंबरी फार जाड नको, कारण महिन्यात संपली पाहिजे. फार दुःखी नको, कारण दोघातिघांना रक्तदाब आहे. शिव्या नकोत, कारण गटात कुणाच्या तरी सासूबाई येतात. राजकारण नको, जात नको, धर्म नको. प्रेम चालेल, पण ते लग्नाआधीचे असावे किंवा लग्नातले. ग्रामीण बोली नको, ती समजत नाही. शेवट शक्यतो चांगला असावा. आणि हो, किंमत तीनशेच्या आत. एवढ्या चाळण्यांतून शेवटी खाली पडते ते पाकशास्त्राचे पुस्तक. तेही मी निर्धास्तपणे सुचवणार नाही. आमटीत गूळ किती घालावा यावरून भल्याभल्या सोयरिकी फिसकटल्याचे आपण पाहिले आहे.

थट्टा पुरे. असे गट निघत आहेत ही मुळात आनंदाची गोष्ट आहे. गृहसंकुलाच्या सभागृहात, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत महिन्यातून एकदा माणसे पुस्तक घेऊन जमतात. कुठे त्याला वाचनकट्टा म्हणतात, कुठे वाचक मंडळ. काही ठिकाणी पुस्तक भिशीही चालते. दरमहा वर्गणी जमवायची आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांची पुस्तके घ्यायची. सोन्याच्या आणि साड्यांच्या भिशीत वाढलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना सुचली, यातच बरेच काही आले. २०२० च्या टाळेबंदीत असे काही गट संगणकाच्या पडद्यावर जमू लागले आणि परगावी, परदेशी असलेल्या लेकीसुनाही त्यांत आल्या. वाचन संपले, मराठी संपली असे दर रविवारी सांगणाऱ्यांनी एकदा अशा बैठकीला जाऊन बसावे.

तेव्हा माझी तक्रार या गटांच्या हेतूविषयी नाही. ती त्यांच्या निवडीविषयी आहे. 'सर्वांना चालेल' ही कसोटी सत्यनारायणाच्या प्रसादाला ठीक आहे, कादंबरीला नाही. चार माणसांनी मिळून कादंबरी वाचायची ती एकमत करण्यासाठी नव्हे. एकमत व्हायचे असेल तर प्रत्येकाने आपल्या घरी वाचून मान डोलवावी, त्यासाठी सतरंजी अंथरायची गरज काय? ज्या कादंबरीत लेखकाने एखादा निवाडा स्वतः न देता वाचकावर सोपवलेला असतो, आणि चांगली, समजूतदार माणसेसुद्धा तो निवाडा वेगवेगळा करतात, ती कादंबरी गटाची. बाकीच्या कादंबऱ्या चांगल्या असतील, थोरही असतील, पण त्या एकट्याने वाचाव्यात.

एकत्र बसून वाचणे आपल्याला नवीन नाही. चातुर्मासात दुपारची जेवणे आटोपली की वाड्यातली एखादी आजी 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' उघडून बसे. श्रीधराच्या ओव्या ऐकत बाकीच्या बायका वाती वळत, तांदूळ निवडत. हा आपला जुना वाचनगट. पण पोथीशी वाद घालायचा नसतो. अध्याय संपला की हात जोडायचे. कादंबरी मराठीत आली ती मात्र वेगळ्या कामासाठी. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली आणि तिचा विषय होता विधवांची स्थिती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले ते साऱ्या कुटुंबाने वाचावे म्हणून, आणि त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. शीर्षकच प्रश्नाचे! यमूची ती कहाणी एखाद्या घरात मोठ्याने वाचली जात असेल तेव्हा ऐकणाऱ्यांत सासू असेल, सून असेल, आणि दाराआड केशवपन झालेली आत्याही असेल. प्रकरण संपल्यावर त्या माजघरात सगळ्यांनी एकसारखी मान डोलवली असेल असे मला वाटत नाही. कुणी पदर डोळ्याला लावला असेल, कुणी 'काय हे भलते लिहितात' म्हणून उठून गेली असेल. मराठी कादंबरीचे सामूहिक वाचन असे मतभेदातच सुरू झाले असणार.

आता मात्र आपण पुन्हा पोथीकडे वळलो आहोत. गटाने निवडलेल्या पुस्तकांच्या याद्या पाहाव्यात. 'मृत्युंजय' आणि 'स्वामी' बहुतेक यादीत असतात. २०२५ साली 'छावा' चित्रपट आला आणि मूळ कादंबरी पुन्हा घरोघर निघाली. या कादंबऱ्यांवर माझे प्रेम आहे. कर्णाने माझ्याही पिढीच्या कित्येक रात्री जागवल्या आहेत. पण गटात त्यांचे पारायण होते, चर्चा होत नाही. एकजण आवडता उतारा वाचतो, बाकीचे सुस्कारा सोडतात, आणि सुस्काऱ्याला उत्तर नसते. दुसरीकडे यशस्वी कसे व्हावे, पैसे कसे वाढवावेत, मन शांत कसे ठेवावे हे सांगणारी भाषांतरित पुस्तके. त्यांच्यावर अर्ध्या तासात सर्वांचे एकमत होते आणि माणसे बटाटेवड्यांकडे वळतात. वडे चांगले असतात, एवढेच त्या संध्याकाळविषयी आठवते.

मग काय वाचावे? गेली काही वर्षे मी ज्या गटात जातो तिथल्या बैठकांतून आणि इतर गटांनी बोलावले तेव्हाच्या अनुभवातून माझी काही मते बनली आहेत. ती इथे मांडतो. ही समीक्षा नव्हे. अमुक कादंबरी तमुकपेक्षा श्रेष्ठ असे मला म्हणायचे नाही. चारजणांत कोणती बोलते आणि कोणती गप्प बसते, एवढेच सांगायचे आहे.

सुरुवात बहुतेक गट मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ने करतात. २००४ ची ही कादंबरी. नववीतला मुकुंद जोशी आणि वर्गातली शिरोडकर सगळ्यांना ठाऊक आहेत, नसतील त्यांनी चित्रपट पाहिलेला असतो. सुरुवातीला ठीक आहे, पण एक धोका आहे. पंधरा मिनिटांत कादंबरी बाजूला पडते आणि प्रत्येकजण आपापली शाळा सांगू लागतो. प्रत्येकाच्या वर्गात एक शिरोडकर निघते. हसूनहसून पुरेवाट होते आणि माणसे खूश होऊन घरी जातात. हे संमेलन झाले, वाचन नव्हे. 'शाळा' घ्यायचीच तर एक प्रश्न आधीच वाटून द्यावा. ही गोष्ट आणीबाणीच्या काळात का घडते? मोठ्या माणसांचे जग तेव्हा गप्प बसायला शिकत होते आणि त्याच वर्षी ही मुले बोलायला शिकत होती, याचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि जे झाले त्याची किंमत मुकुंदाने जास्त मोजली की शिरोडकरने? हा शेवटचा प्रश्न आमच्या बैठकीत एका आजोबांनी सहज विचारला आणि तोवर खिदळणाऱ्या खोलीतल्या बायका एकदम सावरून बसल्या. खरी बैठक तिथून सुरू झाली.

दुसरी 'बारोमास'. सदानंद देशमुख यांच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ, जुन्या वळणाचे वडील सुभानराव, आणि शेतकऱ्याच्या घरात न रमणारी बायको अलका. शहरी गट ही कादंबरी टाळतात, कारण 'फार दुःखी'. पण आमच्याकडे ती झाली तेव्हा जे घडले ते सांगण्यासारखे आहे. एक गृहस्थ म्हणाले, कर्ज घ्यायचे, बुडवायचे आणि माफीची वाट पाहायची, आम्ही घराचे हप्ते फेडणारे मात्र मूर्ख. बोलणे अनेकांच्या मनातले होते. २००८ साली केंद्राची कर्जमाफी झाली तेव्हापासून शहरात हे वाक्य घरोघर ऐकू येते. मी बँकेत होतो आणि नोकरीतली काही वर्षे तालुक्याच्या शाखांत पीककर्जे पाहिली आहेत, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी त्यांना 'नवे-जुने' म्हणजे काय ते सांगितले. खरिपाचे पीककर्ज पेरणीच्या तोंडावर मिळते आणि माल विकल्यावर फेडायचे असते. माल आला नाही किंवा भाव पडला की फेडायला पैसे नसतात. थकबाकी राहिली तर पुढचे कर्ज मिळत नाही आणि कर्ज नाही तर बियाणे नाही. मग शेतकरी काय करतो? चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम उचलतो, बँकेचे जुने खाते बंद करतो, लगेच नवे कर्ज काढतो आणि त्यातून सावकाराला व्याजासकट परत करतो. बँकेच्या कागदावर वसुली दिसते, वाटपही दिसते. सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो आणि शेतकऱ्याच्या हातात पेरणीला जे उरायचे ते आणखी कमी उरते. हे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, म्हणजे तो बुडवत नाही, बुडत असतो. पण दुसऱ्या एक बाई लगेच म्हणाल्या, ते खरे, तरी अलकाने का म्हणून बुडावे? तिने कोणते कर्ज काढले होते? तासभर यावर चालले. मी बँकेचा हिशेब सांगू शकलो. अलकाचा हिशेब मला सांगता आला नाही, कुणालाच आला नाही. पुढची बैठक आली तरी दोन तट तसेच होते. मला विचाराल तर वाचनगट यशस्वी झाल्याची याहून चांगली खूण नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर ज्यांना इंग्रजी वाचायला अडचण नाही त्यांनी विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' घ्यावी. मूळ कन्नड, २०१३ ची. श्रीनाथ पेरूर यांचे इंग्रजी भाषांतर २०१५ साली आले. जेमतेम सव्वाशे पानांची, रविवारच्या दोन वामकुक्ष्यांत संपणारी. बंगळुरातले एक कुटुंब. पूर्वी ओढगस्तीचे, चिकप्पाच्या म्हणजे धाकट्या काकाच्या मसाल्याच्या धंद्याने वर आलेले. घर त्याच्या कमाईवर चालते, म्हणून त्याला घरात कुणी काही बोलत नाही. त्याच्या दारात एखादी बाई येऊन उभी राहिली तर सगळे घर तिच्यावर तुटून पडते. कमावत्या माणसाचे किती झाकायचे, आणि झाकता झाकता आपण कोण होतो, हा त्यातला प्रश्न. कर्नाटकातला म्हणून तो परका वाटत नाही. आपल्याही घराण्यांत असे 'काका' आहेत, आणि त्यांच्या पानात पहिली पोळी पडते. मी इशारा देतो, ही कादंबरी सख्ख्या नातेवाइकांच्या गटात वाचू नये. शेजाऱ्यांच्या गटात वाचावी.

नवरा-बायकोंचा मिळून गट असेल तर बोकिलांचीच 'समुद्र'. लहानशी आहे. मध्यमवयीन जोडपे चार दिवस समुद्रकाठी जाते आणि तिथे बायको नवऱ्याला आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगते. ती गोष्ट मी इथे फोडत नाही. फोडली तरी बिघडणार नाही, कारण खरा प्रश्न तिने काय केले हा नसून, ऐकल्यावर त्याने काय करावे हा आहे. आणि त्याहीपेक्षा अवघड प्रश्न म्हणजे तिने ते सांगावे का? आमच्याकडे मते पडली ती पुरुष एकीकडे, बायका एकीकडे अशी नव्हेत. एका बाजूला होते ते म्हणत, खरे सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूचे म्हणत, आपले मन हलके करायला दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे का ठेवावे? चाळीस-चाळीस वर्षांचे संसार झालेली जोडपी या प्रश्नावर वेगवेगळ्या बाजूंना बसलेली पाहिली आणि एकमेकांकडे नव्याने पाहतानाही पाहिली.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. पुण्यातल्या एका घरात एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगी अनुजाही. तो निघून जातो. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा. 'आमच्या गटाला हे झेपणार नाही' असे मला तीन ठिकाणी सांगण्यात आले. तिन्ही ठिकाणी झेपले. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले, तेव्हा कायद्याची बाब तर मिटली आहे. पण ही कादंबरी चर्चेला घ्यावी ती त्यासाठी नव्हे. एका घरात, एका स्वयंपाकघरातले जेवून राहणाऱ्या दोन भावंडांना आणि त्यांच्या आईवडिलांना एकमेकांचे काय कळते, हा तिचा प्रश्न आहे. एका आईने सांगितले की कादंबरी संपल्यावर तिने परगावच्या मुलाला फोन केला आणि जेवलास का, हा नेहमीचा प्रश्न सोडून दुसरे काहीतरी विचारले. काय विचारले ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

कविता महाजन यांची 'ब्र' २००५ ची. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. कागदावर सरपंच झालेल्या बायकांना खुर्चीत बसू कोण देतो, बसल्या तर त्यांचे पुढे काय होते, हे एका स्वयंसेवी संस्थेत काम करणारी प्रफुल्ला गावोगाव फिरून पाहते. 'ब्र काढायचा नाही' हे आपल्या भाषेतले जुने वाक्य. तोच एक अक्षरभर शब्द काढण्याची ही गोष्ट. या बैठकीत आमच्या गटातल्या एक आजी बोलल्या. वर्षभर त्या येत होत्या, ऐकत होत्या आणि चहाचे कप उचलून ठेवत होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, मी पाच वर्षे आमच्या गावी पंचायतीत सदस्य होते. मुलाकडे राहायला आल्यापासून त्या इमारतीत अमक्याची आई म्हणून ओळखल्या जात होत्या. आपल्या वॉर्डात नळ आणण्यासाठी काय काय करावे लागले ते त्यांनी सांगितले, आणि कादंबरीतल्या काही गोष्टी मुळीच पटल्या नाहीत असेही ठणकावून सांगितले. गटाने सर्वांना चालेल असे पुस्तक निवडले असते तर त्या आजही कपच उचलत राहिल्या असत्या.

बोलीभाषेचा बाऊ करणाऱ्यांसाठी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' सांगतो. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठवलेल्या गावातला एक माणूस मागे राहून गेलेल्या आपल्या म्हशीला आणायला परत जातो, आणि माणसाळलेले ते जनावर आता रानाचे झालेले असते. कोल्हापूरकडची बोली डोळ्यांनी वाचताना अडखळायला होते, म्हणून ती कानांनी वाचावी. गटात त्या भागातला कुणीतरी असतोच. त्याला पहिली दहा पाने मोठ्याने वाचायला सांगा. एरवी मागे बसणारा तो माणूस त्या दिवशी गटाचा मास्तर होतो. धरणग्रस्तांवरची विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (तिला १९९२ चा अकादमी पुरस्कार आहे) ज्यांनी पूर्वी वाचली असेल त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत सरकारी दप्तर आणि गावे यांचा झगडा आहे, दुसरीत माणूस आणि जनावर यांचा. आपल्या नळाला येणारे पाणी कुणाच्या गावावरून येते, हा प्रश्न दोन्हींत आहे आणि त्याचे उत्तर वसाहतीच्या टाकीवर लिहिलेले नसते.

गटात कॉलेजची मुले असतील तर नंदा खरे यांची 'उद्या' जरूर घ्यावी. हिला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. नजीकच्या भविष्यकाळाची ही गोष्ट आहे. माणसावर पाळत ठेवणारी यंत्रे आणि ती चालवणारा पैसा तिच्यात आहे. म्हातारी मंडळी म्हणतात, भयंकर आहे. मुले म्हणतात, यात नवीन काय? या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे त्यावर एक काय, दोन बैठका होतील.

आणि 'हिंदू'? हा प्रश्न दर वेळी येतो. भालचंद्र नेमाडे यांची २०१० ची ही कादंबरी सहाशे पानांच्या घरात आहे. महिन्यात ती संपत नाही, आणि न संपवता आलेले लोक बैठकीला यायचे बंद होतात. तिच्यावर सबंध पावसाळा काढायची तयारी असेल तर घ्या. नाहीतर पुस्तकाचा आणि गटाचा, दोघांचाही अपमान करू नये.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, एवढा वाद हवा कशाला? घराघरांत वाद कमी आहेत का? मला वाटते, वाद कमी नाहीत, वाद घालण्याच्या जागा कमी झाल्या आहेत. प्रत्येक घराण्याचा आता व्हॉट्सअॅपवर गट असतो आणि त्यावर राजकारण बोलायचे नाही असा नियम एखाद्या भांडणानंतर झालेला असतो. भाऊ भावाशी बोलत नाही, मेहुणा गटातून बाहेर पडला आहे, आणि उरलेले एकमेकांना सुप्रभात म्हणतात. मतभेद झाला की माणूस तोडायचा किंवा विषय तोडायचा, एवढे दोनच मार्ग आपल्याला उरले आहेत. तिसरा मार्ग म्हणजे समोरच्याचे चुकते आहे असे वाटत असताना त्याचे बोलणे पूर्ण ऐकायचे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच शेजारी बसायचे. ही सवय आहे, आणि सवय मोडते तशी लावताही येते. कादंबरीची सोय अशी की वाद अलकाविषयी चालतो, शेजारणीच्या सुनेविषयी नाही. चिकप्पाविषयी चालतो, आपल्या काकांविषयी नाही. मनात आपले काका असतात, हे सर्वांना माहीत असते. पण ते नाव कुणी घेत नाही आणि म्हणून बोलता येते.

चार व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. 'आवडली का?' या प्रश्नाने बैठक सुरू करू नये. त्याचे उत्तर हो किंवा नाही असते आणि पुढे रस्ता नसतो. एखादे पान मोठ्याने वाचून सुरुवात करावी. ज्याला पुस्तक आवडले नाही त्याला आधी बोलू द्यावे आणि गटातल्या सर्वांत विद्वान माणसाला शेवटी, जमल्यास चहानंतर. लेखकाला पहिल्याच बैठकीला बोलावू नये. मी स्वतः लेखक आहे म्हणून सांगतो, लेखक समोर असला की माणसे सभ्य होतात.

शेवटची गोष्ट पुस्तकाच्या प्रतींची. निवड झाली की अर्ध्या तासात कुणीतरी मोबाइलवर पुस्तकाची पीडीएफ पाठवतो आणि बाकीचे हात जोडल्याचे चित्र पाठवतात. हे करू नये. मराठी कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षे लागतात, आणि आवृत्ती संपून पुन्हा निघाली नाही की चांगली पुस्तकेही दिसेनाशी होतात. पंधराजणांच्या गटाने पाच प्रती विकत घेऊन आपसांत फिरवल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर रुपयेही येत नाहीत. तेवढेही जड असेल तर गावातल्या ग्रंथालयाची वर्गणी भरून तिथे मागणी नोंदवावी. मागणी नोंदवल्यावर ग्रंथपालाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो वेगळा.

एक वर्षाची यादी हवी असेल तर मी अशी देईन. 'समुद्र' आधी, कारण लहान आहे आणि कुणीही मागे पडत नाही. मग 'बारोमास', मग 'ब्र'. पावसाळ्यात 'रिंगाण', दिवाळीनंतर 'कोबाल्ट ब्लू', आणि वर्ष संपताना मुलांना बोलावून 'उद्या'. प्रत्येकीला दोन महिने द्यावेत. पहिल्या महिन्यात वाचावे, दुसऱ्या महिन्यात बोलावे. यातली एखादी कादंबरी सगळ्यांनाच आवडली आणि कुणाचे काही म्हणणेच निघाले नाही, तर मला दोष द्या आणि पुढच्या महिन्यासाठी तुमच्या गटातल्या सर्वांत गप्प माणसाला पुस्तक निवडायला सांगा.